डबी बंद करायची नाही

११ मार्च

चाचणी काल केली, आज पुन्हा केली. दोन्ही वेळा दोन रेघा. एका मापावर विसंबायचं नाही ही नोकरीतली सवय. मी दाबमापकं तपासते. कारखान्यांच्या बॉयलरची, गॅसच्या टाक्यांची, रुग्णालयांतल्या प्राणवायूच्या नळ्यांची. काटा जे सांगतोय ते खरं आहे का, एवढंच माझं काम.

फिटच्या झटक्यांची नोंद डॉक्टरांना दाखवायची असते, ती मोबाइलमध्ये आहे. या वहीत बाकीचं. ही कुणाला दाखवायची नाही.

माझ्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक चपटं यंत्र आहे. त्याची तार मानेतल्या एका मज्जातंतूपर्यंत जाते. दर पाच मिनिटांनी, अर्धा मिनिट, ते त्या तंतूला बारीक वीज देतं. त्या अर्ध्या मिनिटात माझा आवाज घोगरा होतो, कधी घशात गुदगुली होऊन खोकला येतो. याला मी फेरी म्हणते. यंत्र बसवल्यापासून मोठा झटका एकही आला नाही आणि दोनपैकी एक गोळी बंद झाली. हा सौदा मला मान्य आहे.

सासूबाई यंत्राला डबी म्हणतात. बातमी ऐकल्यावर त्यांचं पहिलं वाक्य: "मग आता ती डबी काढणार ना?"

"नाही."

"बंद तरी करशील?"

"नाही."

"म्हणजे माझं नातवंड नऊ महिने विजेच्या तारेला लटकणार."

नेमकी तेव्हाच फेरी सुरू झाली. "तार मानेत आहे, पोटात नाही" हे वाक्य मला हवं तितकं थंड म्हणता आलं नाही. फाटक्या भोंग्यासारखं बाहेर पडलं.

नवरा माझ्याकडे बघून हसला. मग आईकडे बघितलं आणि हसू आवरलं. घरात आम्ही तिघंच. त्यामुळे त्याची मान दिवसभर एकीकडून दुसरीकडे वळत असते.

१८ मार्च

मेंदूच्या डॉक्टरांकडे तिघंही गेलो. सासूबाईंना नको म्हटलं होतं. त्या आमच्या आधी चपला घालून दारात उभ्या होत्या.

डॉक्टर बाई माझ्याहून फार मोठ्या नाहीत. गोड बोलत नाहीत, म्हणून मला आवडतात. त्या म्हणाल्या, "गरोदर बायकांवर मुद्दाम असे प्रयोग कुणी करत नाही. यंत्र असताना ज्यांना दिवस गेले, अशा थोड्या बायकांच्या नोंदी आहेत. यंत्रामुळे बाळात अमुक एक दोष येतो, असं त्यांत दिसलेलं नाही. पण नोंदी थोड्या आहेत, त्यामुळे शंभर टक्के हा शब्द मी वापरणार नाही. मोठा झटका आईला पाडतो आणि बाळाचा प्राणवायू तोडू शकतो, हे मात्र पक्कं माहीत आहे. म्हणून जे चालू आहे ते चालू ठेवू. गोळीचं रक्तातलं प्रमाण या दिवसांत उतरतं, ते तपासत राहू."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"पूर्ण माहीत नाही."

"झालं तर."

नवऱ्याने चुंबकाबद्दल विचारलं. यंत्रासोबत दोन चुंबक मिळतात. एक माझ्या पर्समध्ये असतो, दुसरा मनगटी पट्ट्यावर बसवलेला आहे. झटका येतोय असं वाटलं तर चुंबक यंत्रावरून एकदा फिरवायचा, म्हणजे यंत्र जादा फेरी देतं. हे त्याला ठाऊक होतंच. त्याने विचारलं, "आणि फिरवला नाही, वर तसाच धरून ठेवला तर?"

"तर धरलेला असेपर्यंत यंत्र थांबतं. काढला की पुन्हा चालू. कुणाला भाषण करायचं असतं, गायचं असतं, ते तेवढ्यापुरता धरतात."

"असा किती वेळ धरलेला चालतो?"

"कारण असेल तर थोडा वेळ. सवय म्हणून नाही."

नवरा वीज कंपनीच्या उपकेंद्रात आहे. कोणत्या भागाची वीज कधी तोडायची आणि कधी जोडायची, याचं वेळापत्रक तो बसवतो. यंत्र नीट समजून घेतो. त्याच्या प्रश्नांचा मला थोडा अभिमान वाटला, हे लिहून ठेवते, कारण असं क्वचित होतं.

परतताना सासूबाई रस्ताभर एकच सांगत होत्या, "डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं." आमच्याकडे प्रत्येक दाबमापकाच्या दाखल्यावर चूक किती असू शकते ते छापलेलं असतं. ते छापलेलं नसेल तर मी माप परत पाठवते. सासूबाईंना चूक छापलेलीच नको आहे, काटा हवा आहे.

२ एप्रिल

सकाळी ओकाऱ्या, दुपारी टोमणे. गेल्या आठवड्यातले निवडक:

"मिक्सर लावू का, की तुझ्या डबीला राग येईल?"

"बाळाला पहिल्यांदा उचलताना रबरी चपला घालायच्या का गं? आधी सांगून ठेव."

"आमच्या वेळी पोटातलं मूल आईचा आवाज ऐकायचं. हे बिचारं काय ऐकतंय, कोण जाणे. दाराची बिजागरी."

शेवटच्यावर मला हसू आलं. दाखवलं नाही.

मी म्हणाले, "आई, तुम्हाला काय हवंय ते एकदाच सांगा."

"एकदाच कशाला, रोज सांगते. ती डबी बंद कर. पटत नाही मला ती. तू झोपलीस तरी चालू, जेवतेस तरी चालू. देवाने दिलेल्या नसा कमी पडल्या का तुला?"

"हो. कमीच पडल्या."

त्यांनी भाजीवर सूड उगवला.

नवऱ्याने पट्टा स्वतःच्या मनगटावर घातला आहे. "माझ्याजवळ राहू दे. तुला फिट आली तर फिरवणार मीच ना." रात्री तो आता माझ्या गळ्याच्या हाडाजवळ हात ठेवून झोपतो. तिथे कुणी हात लावलेला मला आवडत नाही. शस्त्रक्रियेची खूण आहे, आणि खालचा कठीण उंचवटा हाताला लागतो. त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "असू दे, मला बरं वाटतं." या घरात त्या जागेवर किळस न करता हात ठेवणारा एक तरी माणूस आहे. राहू दिला.

९ एप्रिल

सकाळी घसा एकदम मोकळा असतो. नवरा उठून आंघोळीला गेला की थोड्या वेळाने खोकला सुरू होतो. गरोदरपणात असं होतं का, ते शोधलं. छातीत जळजळ, नाक चोंदणं, हिरड्या सुजणं सापडलं. हे सापडलं नाही. यादीत एक भर माझी.

१९ एप्रिल

मोठा झटका. सकाळी, दात घासताना.

मला आठवतो तो नळाचा आवाज, आणि मग छत. मधलं काही नाही. खालचा ओठ फाटला, खांदा काळानिळा. पोटावर पडले नाही, हे सासूबाईंनी सांगितलं. आवाज ऐकून पहिल्या त्याच पोचल्या. नवऱ्याने येऊन चुंबक फिरवला.

बाळाची सोनोग्राफी झाली. ठोके व्यवस्थित. गोळीचं रक्तातलं प्रमाण उतरलेलं निघालं, डॉक्टरांनी गोळी वाढवली. म्हणजे कारण सापडलं. बरं वाटलं. कारण सापडलेला बिघाड हा अर्धा दुरुस्त झालेला बिघाड असतो.

घरी आल्यावर सासूबाई: "डबी चालू होती ना? मग काय केलं तिने?"

प्रश्न चुकीचा नाही. म्हणूनच जास्त राग आला.

नवरा दिवसभर माझ्याशी नीट बोलला नाही. पाणी आणून दिलं, उशी नीट केली, नजरेला नजर दिली नाही. घाबरला असेल.

७ मे

पुन्हा. पहाटे, अंथरुणातच. जीभ चावली गेली.

या वेळी गोळीचं प्रमाण बरोबर होतं. डॉक्टरांनी यंत्र तपासलं: बॅटरी उत्तम, तार शाबूत, वीज ठरवलेली तेवढी. त्यांनी विचारलं, "गोळी चुकते? झोप?"

"गोळी चुकत नाही. झोप भरपूर. आवाजही रात्रीचा अगदी स्वच्छ असतो, म्हणतो हा."

नवरा म्हणाला, "हो, म्हणजे, तसं काही लक्षात नाही माझ्या."

डॉक्टर मला म्हणाल्या, "आणखी एक मोठा झटका आला तर दुसरी गोळी जोडावी लागेल. ती बाळासाठी पूर्ण निर्धोक नाही. याच्या नोंदी मात्र पुष्कळ आहेत." आमच्यात आडपडदा नसतो, म्हणून मी विचारलं, काय होऊ शकतं. त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

तर आता गोष्ट अशी आहे. गोळी बरोबर, यंत्र बरोबर, आणि मी पडते. तीन मापं जुळत नसतील तर एक खोटं बोलतंय.

८ मे

साहेबांनी मला तपासणीच्या टेबलावरून उठवून कागदपत्रांवर बसवलं. "तुझ्याच काळजीपोटी." काळजी या शब्दाची मला धास्ती बसली आहे. ज्याला माझ्याकडून काही काढून घ्यायचं असतं तो आधी हा शब्द काढतो.

जेवणाच्या सुट्टीत वजनांच्या खोलीतल्या बारीक काट्यावर माझ्या गोळ्या घालून बघितल्या. घरच्या पाकिटातल्या आणि औषधाच्या दुकानातून नव्या आणलेल्या. वजन सारखं, छाप सारखा, तोडल्यावर आतून सारख्या. कुणी बदललेल्या नाहीत.

आज बदललेल्या नाहीत, एवढंच सिद्ध होतं.

१० मे

गोळ्या कुलपात ठेवल्या. किल्ली गळ्यात. सासूबाईंनी ते बघितलं आणि हातातलं भांडं जमिनीवर ठेवलं.

"हे कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"सरळ बोल. मी तुझ्या गोळ्या बदलते, असं वाटतं तुला?"

"मला अजून काही वाटत नाही. मी शक्यता कमी करतेय."

"शक्यता! अगं, मला तुझी ती डबी बंद करायची असती ना, तर तुझ्या तोंडावर सांगून केली असती. चोरून करायला मी काय मांजर आहे? आणि गोळ्यांशी माझं काय वैर? मी स्वतः तीन खाते रोज."

"तुम्हाला ती बंद हवी आहे, हे तुम्हीच सांगता."

"हो, हवीच आहे! ओरडून सांगते, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं सांगते. म्हणून तर मला कुलूप लावायची गरज नाही, बये."

नवरा आतून आला. "दोघीही गप्प बसा!" असा तो कधी ओरडत नाही. मग खुर्चीत बसला आणि रडला. डोळे पुसताना पट्टा मनगटावर सरकत होता. मला वाटलं, माझ्यासाठी रडतोय. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सासूबाईंकडे बघितलं, की बघा, काय अवस्था केलीत मुलाची. त्या त्याच्याकडेच बघत होत्या, कपाळाला आठ्या घालून, भाजीवाल्याच्या तराजूकडे बघतात तशा.

२२ मे

तिसरा. सकाळी.

सोमवारी डॉक्टरांकडे जायचं आहे. दुसरी गोळी. त्यांनी फोनवर सांगितलं, "दोन दिवस एक गोष्ट कर. प्रत्येक फेरी जाणवते का, त्याकडे लक्ष दे. एखादी चुकते का बघ."

बाळ आता हलतं, असं मला वाटतं. आतून कुणी बोटाने टिचकी मारावी तसं.  त्याला काय म्हणणार.

२४ मे, रविवार

जमेल तेवढं नेमकं लिहिते.

दुपारी जेवून आडवी झाले. डोळे मिटून फेऱ्या तपासत होते. गुदगुली वेळेवर येत होती. नवरा शेजारी येऊन पडला. मला झोप लागली असं त्याला वाटलं असावं. त्याने नेहमीसारखा हात ठेवला, आणि थोड्या वेळात घोरू लागला.

पुढची फेरी आली नाही.

घड्याळात बघितलं. त्याच्या पुढचीही आली नाही. पहिला विचार: तार तुटली. मग मी त्याचा हात उचलून बाजूला ठेवला. काही मिनिटांत गुदगुली. हात पुन्हा होता तिथे ठेवला. फेरी नाही. बाजूला ठेवला. फेरी. तिसऱ्यांदा केल्याशिवाय मी कुठलाही निकाल लिहीत नाही, म्हणून तिसऱ्यांदा केलं.

मग त्याचं मनगट उलटं केलं. पट्टा नेहमी घड्याळासारखा असतो, चुंबक वरच्या बाजूला. आता चुंबक तळव्याच्या बाजूला फिरवलेला होता. सरकून तसा फिरला असेल, ही शक्यता मी तपासली. पट्ट्याचा बंद त्या बाजूने मुद्दाम ओढून एक भोक पुढे घट्ट केला होता.

मी त्याला उठवलं नाही. स्वयंपाकघरात गेले. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांच्या शेजारी बसून मीही सोलू लागले. माझे दाणे ताटाबाहेर पडत होते. त्यांनी विचारलं, "येतेय का? फिट?"

"नाही. तो उठू दे."

तो उठून आला. मी म्हटलं, "पट्टा आत फिरवलास तो कधीपासून?"

त्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहिते. म्हणाला, "फक्त रात्रीच. आणि दुपारी तू झोपलीस तर."

"काय फक्त रात्री?" सासूबाई.

"ऐक. दिवसा तू पडू शकतेस. रात्री तू झोपलेलीच असतेस, पडायचा प्रश्न नाही. म्हणजे रात्री बंद ठेवलं तर तुलाही धोका नाही, आणि बाळाला निम्मा वेळ विजेशिवाय मिळतो. कुणाचंच नुकसान नाही. मी फक्त... भारनियमन केलं. रात्री मागणी कमी असते."

"रात्री मेंदूची मागणी कमी असते, हे तुला कुणी सांगितलं?"

तो मनगटावरचा पट्टा फिरवत राहिला.

"पहिला झटका आला तेव्हा कळलं नाही?"

"डॉक्टर म्हणाल्या गोळीमुळे."

"दुसरा?"

"वाटलं, आता एकदम चालू केलं तर आणखी बिघडेल. तिसऱ्यानंतर थांबवणारच होतो. मग वाटलं, सांगितलं तर तू..." तो थांबला. "मला तुम्हा दोघांपैकी एकालाही गमवायचं नव्हतं."

मला काय वाटलं ते मला अजून नीट माहीत नाही. घशात फेरी सुरू झाली होती. बोलल्या त्या सासूबाई. शेंगांचं ताट खाली ठेवून उठल्या.

"मी दिवसभर तोंड वाजवते. तिला नको नको ते बोलते. पण तिच्या अंगाला हात लावला का मी? आणि तू प्रेमाचा हात ठेवलास आणि केसाने गळा कापलास. माझ्या तोंडासमोर हिने मला चोर ठरवलं, तेव्हा तू खुर्चीत बसून रडलास. रडलास, पण बोलला नाहीस!"

"आई, तुलाच तर ती बंद हवी होती!"

"हवी होती! अजून हवी आहे! म्हणून तिला झोपेत फसवायचं? अरे, चोराला तरी पळायची लाज असते. तू तिच्याच कुशीत झोपलास."

तो पट्टा काढायला लागला.  मी काढून घेतला.

२५ मे

 डॉक्टरांसमोर त्याला बोलायला लावलं. त्याने सगळं सांगितलं, भारनियमन हा शब्द वगळून. तो मी घातला.

डॉक्टरांनी लिहायला घेतलेली दुसरी गोळी खोडली. मग म्हणाल्या, "हेच एकमेव कारण होतं, असं मी म्हणणार नाही. पण आता दुसरी गोळी आज देणार नाही. आधी यंत्र रात्रंदिवस चालू ठेवून बघू." आणि त्याला, अगदी शांतपणे: "तुमची शंका मला विचारायची होती. मी तुम्हाला 'माहीत नाही' म्हणाले होते, 'तुम्ही ठरवा' म्हणाले नव्हते."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "बाईंचं बोलणं आज पहिल्यांदा पटलं."

२६ मे

आईला फोन केला. माझ्या आईला. सगळं ऐकून ती म्हणाली, "काळजीपोटी केलं ना बिचाऱ्याने. पुरुषांना व्यक्त होता येत नाही. घेऊन टाक पदरात." पुन्हा तो शब्द. मी म्हटलं, कामावर उशीर होतोय.

माहेरी जायचा विचार तिथेच संपला.

संध्याकाळी उशी आणि चादर घेऊन बाहेरच्या खोलीत निघाले होते. सासूबाई त्यांच्या खोलीच्या दारात उभ्या.

"बाहेर डास आहेत. इथे झोप."

"तुमच्या खोलीत?"

"माझी झोप सावध आहे. आणि तुझ्या त्या डबीला हात लावायची मला किळस येते. याहून सुरक्षित जागा तुला गावात मिळणार नाही."

तर्कात चूक सापडली नाही.

१७ जून

झटका नाही. गळ्यातली किल्ली काढून ठेवली. माफी मागितली नाही, त्यांनीही मागितली नाही. आज सकाळी त्यांनी माझ्या गोळ्या त्यांच्या गोळ्यांशेजारी मांडल्या आणि म्हणाल्या, "मोजून घे, नाहीतर माझ्यावर आळ यायचा." मी त्यांच्यासमोर मोजल्या. दोघींनाही मजा आली, पण दाखवायला कुणी तयार नव्हतं.

त्या घोरतात. "सावध झोप" हा दावा तपासून बघितला, टिकत नाही.

नवरा विचारतो, "काही हवंय?" मी म्हणते, नको. तो म्हणतो, "बोल ना काहीतरी." मी म्हणते, दूध संपलंय. तो दूध आणतो. परवा दोनदा आणलं. उपकेंद्रातही त्याने कुठल्या तरी भागाची वीज चुकीच्या वेळी तोडली, आणि वरून फोन आला म्हणे. माझा त्याच्याशी संबंध नाही.

३ ऑगस्ट

अजून झटका नाही. एकदा डोळ्यांपुढे चमकलं, मी स्वतः चुंबक फिरवला, गेलं.

साहेबांनी टेबल परत दिलं. मी मागितलं नव्हतं. माझ्या जागी बसवलेल्याने प्राणवायूच्या तीन मापांवर चूक शून्य लिहून पाठवली होती.

सासूबाई अजून रोज डबीला शिव्या देतात. आता फक्त नाव बदललं आहे. पूर्वी "ती डबी" होती, आता "ही डबी".

१४ ऑक्टोबर

प्रसूतीची आखणी. मेंदूच्या डॉक्टर आणि बाळंतपणाच्या डॉक्टर दोघी होत्या. यंत्र चालूच राहील. शस्त्रक्रिया लागली तर कातडी जाळून रक्त थांबवायचं यंत्र जपून वापरावं लागेल, हे त्यांनी कागदावर ठळक लिहिलं. मग विचारलं, "प्रसूतीच्या खोलीत घरचं एक माणूस चालेल. चुंबक फिरवता येणारं. कोण?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मला ते दिसत होतं.

मी सासूबाईंकडे बोट दाखवलं.

सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "आधीच सांगते, मला हे यंत्र अजिबात पटत नाही."

बाळंतपणाच्या डॉक्टर गोंधळल्या. "मग यांनाच का?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणूनच."

"शिकाल ना पण?"

"शिकेन की. पटणं वेगळं, शिकणं वेगळं. शाळेत गणित कुठे पटत होतं?"

घरी त्यांनी माझ्यावर तालीम केली. पहिल्याच वेळी चुंबक यंत्रावर ठेवून विचारात पडल्या. मी म्हटलं, "फिरवा. धरू नका."

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. नवरा दारातून बघत होता. तो आत आला नाही, गेलाही नाही.

१९ नोव्हेंबर

मुलगी. परवा सकाळी.

कळांच्या मधोमध डोळ्यांपुढे चमकायला लागलं. मी काही सांगायच्या आत चुंबक फिरला होता. एकदा, नीट, वरून खाली. सासूबाई माझ्या चेहऱ्याकडे बघतच होत्या. नुसत्या बघत नव्हत्या, बोलतही होत्या: "ए डबी, आता कामाला ये, खाऊन बसू नको!" बाळंतपणाच्या डॉक्टर हसल्या. चमक गेली. शस्त्रक्रिया लागली नाही.

बाळाच्या डॉक्टरांनी तिला तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. सासूबाईंचा त्यांच्यावर विश्वास नाही. त्यांनी तिला मांडीवर घेऊन बोटं, कान, तळवे, टाळू सगळं स्वतः बघितलं. मला म्हणाल्या, "अजून काही सापडलं नाही."

"सापडावं असं वाटतंय का?"

"सापडलं तर तुला पहिल्यांदा सांगेन. भांडून सांगेन."

"माहीत आहे."

२६ नोव्हेंबर

घरी. मुलगी दर दोन तासांनी उठते. मी आठवडाभर तुटक झोपले आहे, आणि झोप तुटणं हे माझ्यासाठी गोळी चुकण्याइतकंच वाईट. डॉक्टरांनी बजावलं आहे: रात्री सलग झोप हवी, बाळाला दुसऱ्या कुणीतरी घ्या. सासूबाईंनी तीन रात्री काढल्या. आज त्यांना ताप आहे.

संध्याकाळी नवरा दारात आला. दाढी वाढलेली. आत यायच्या आधी त्याने शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत गुंडाळल्या, दोन्ही मनगटं रिकामी. मला ते बघवलं नाही आणि मी बघितलं.

"रात्री मी घेऊ का तिला? तू झोप."

 मुलगी माझ्या खांद्यावर होती. फेरी सुरू झाली, संपली.

"आज मी जागीच राहते," मी म्हटलं. "उद्या दिवसा घे. तेव्हा मी झोपेन, पण याच खोलीत. तू तिला घेऊन त्या खुर्चीवर बसायचं."

"मी झोपलो तर?"

"झोपायचं नाही."

"बरं."

आतल्या अंथरुणातून सासूबाई, तापातही: "आणि मी जागी आहे, हे लक्षात ठेव!"

त्याने मान हलवली. असं किती दिवस, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडे आकडा नव्हता.